आधी माहिती मागा, नोकरी नंतर: गोव्यातल्या महाविद्यालयीन मुलांना व्यावसायिक ओळखी जोडायला शिकवताना

गोव्यात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न येतो, "तूं कोणालो?" (तू कुणाचा?) गाव, वाडा आणि आडनाव सांगितले की दोन मिनिटांत कुणीतरी समाईक ओळखीचा निघतोच. अशा प्रदेशात वाढलेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये (क्यूसी) काम करणारा माणूस दिवसभर नेमके काय करतो? वर्ग गप्प होतो. ते सांगू शकतील अशी माणसे त्यांच्याच वाड्यावर राहत असतात. त्यांना विचारायला जायचे असते, हे मात्र मुलांना कुणी शिकवलेले नसते.

मी फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवते आणि प्लेसमेंटचे कामही बघते. हा लेख माझ्यासारखेच काम करणाऱ्या प्राध्यापकांसाठी आहे. अशा माणसांशी ओळख करून त्यांच्याकडून माहिती घ्यायला शिकवण्याचा हा उपक्रम पाचव्या सत्राच्या सुरुवातीला हाती घ्यावा. शेवटच्या सत्रात परीक्षा, प्रकल्प आणि घरच्यांचे "पुढे काय?" हे सगळे एकदम अंगावर येते आणि मुले घाबरून नुसते अर्ज टाकत सुटतात.

पहिल्या तासाला वशिल्याबद्दल बोला

विषय काढला की मागच्या बाकावरून प्रश्न येतोच, "मॅडम, म्हणजे वशिलाच ना?" हा प्रश्न झटकू नका, तो अगदी योग्य आहे. २०२४ च्या अखेरीस सरकारी नोकरी मिळवून देतो म्हणून लोकांकडून पैसे उकळल्याची प्रकरणे गोव्यात एकामागून एक बाहेर आली, अटका झाल्या. त्या बातम्यांवर मुलांच्या घरी बोलणे झालेले असते. काहींच्या घरी कुणीतरी "बघतो तुझ्या पोराचे" असे सांगितलेलेही असते.

मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिते: निवड कोण करतो आणि कशावरून? कुणाच्या तरी सांगण्यावरून निवड फिरत असेल, तर ते आपल्याला शिकायचे नाही. आपल्याला हवी आहे माहिती. काम कसे असते, त्यासाठी काय यावे लागते, जागा कधी निघतात, अर्ज कुठे करायचा. निवड मुलाखतीत किंवा परीक्षेत ज्याची त्याने मिळवायची. सरकारी नोकरीच्या बाबतीत तर ही रेघ अगदी ठळक ठेवा. तिथे ओळखीच्या माणसाने तयारी कशी केली आणि त्याचे काम कसे चालते, एवढेच विचारायचे. पैशांचा विषय ज्या क्षणी निघेल, त्या क्षणी बोलणे थांबवायचे आणि शिक्षकांना येऊन सांगायचे.

दुसरी गोष्ट मी आवर्जून सांगते. ज्यांच्या घरी वकील, डॉक्टर, कारखानदार आहेत, त्यांना ही माहिती जेवणाच्या ताटावर मिळते. वर्गात हे शिकवायचे ते उरलेल्यांसाठी.

इथेच ग्रॅनोव्हेटर यांचे संशोधन सांगावे, मुलांना ते आवडते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास मांडला. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. सुमारे ५६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून आणि २८ टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याकडून. कारण साधे आहे. जवळच्या मित्रांना जे ठाऊक असते, ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती थोड्या लांबच्या माणसाकडून. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर झालेल्या अभ्यासातही फार घट्ट नाही आणि अगदी तुटकही नाही, अशाच ओळखी नोकरीसाठी सर्वांत उपयोगी दिसल्या. गोव्यातल्या मुलांकडे अशा ओळखी भरपूर असतात. त्यांनी त्या मोजलेल्या नसतात, इतकेच.

ओळखींचा नकाशा

प्रत्येकाला एक फुलस्केप कागद द्या आणि एकात एक तीन वर्तुळे काढायला सांगा. आतल्या वर्तुळात घरचे आणि जिवलग मित्र. मधल्यात रोज किंवा सणावारी दिसणारी माणसे: देवस्थान समितीतले, जत्रेच्या नाटकातले, भजनी मंडळातले, फुटबॉल क्लबमधले, जुने शिक्षक, सकाळच्या कदंब बसमधले सहप्रवासी. बाहेरच्या वर्तुळात या मधल्या लोकांच्या ओळखीची माणसे. प्रत्येक नावापुढे तो माणूस काय काम करतो हे लिहायचे. किमान तीस नावे हवीत, असे सांगा.

बहुतेक मुले आठ-दहा नावांवर अडतात. त्या वेळी आपण वर्गात फिरून प्रश्न विचारायचे. तुझ्या गावातून सकाळी कुंडईला, वेर्ण्याला कंपनीच्या बसने कोण जाते? पुण्याहून फक्त चवथीला (गणेश चतुर्थीला) घरी येणारे कोण? कुणाची वहिनी बँकेत आहे? कोण तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा आहे? कागद भरायला लागतो.

धारबांदोड्याहून येणाऱ्या एका मुलीने सहा नावे लिहिली आणि पेन खाली ठेवले. तिचे वडील खनिजाचा ट्रक चालवायचे. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मधे सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द ठरवल्यावर मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडल्या. "बाबांची कुणाशी ओळख नाही, मॅडम," ती म्हणाली. मी तिच्या बाकावर बसले. ट्रक कुठे खाली व्हायचा? धक्क्यावर. वजनकाट्यावर कोण असायचे? एक क्लार्क काका. ते आता कुठे आहेत? कुंडईच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये. ट्रकचे हप्ते कुठे भरायचे? पतसंस्थेत, तिथले मॅनेजर बाबांना नावाने हाक मारतात. आणि हिशेब, रिटर्न कोण बघायचे? कुडचड्याचे एक कर सल्लागार. मुलगी बी.कॉम. करते आहे. स्टोअर, पतसंस्था आणि कर सल्लागार, तिच्या विषयाच्या तीन वाटा वडिलांच्या ट्रकमागेच होत्या. त्या दिवशी तिच्या कागदावर चौदा नावे झाली आणि उरलेली तिने घरी वडिलांना विचारून आणली. वडिलांना विचारून आणणे हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या बापाला वाटते की आपल्याकडे मुलीला द्यायला काही नाही, तो त्या संध्याकाळी आठवून आठवून नावे सांगतो.

नकाशातून प्रत्येकाने तीन नावे निवडायची. तिन्ही मधल्या किंवा बाहेरच्या वर्तुळातली हवीत. सख्खा मामा चालणार नाही.

स्वतःची ओळख

इथे फार वेळ घालवू नका. नाव, गाव, काय शिकतो, कशाबद्दल जाणून घ्यायचे आहे: चार गोष्टी, दोन-तीन वाक्ये. जोड्या पाडून मोठ्याने म्हणून घ्यावे, आधी कोकणीत किंवा मराठीत आणि मग इंग्रजीत. सत्तरी, पेडणे, डिचोलीकडची बरीच मुले मराठी प्राथमिक शाळेतून येतात आणि इंग्रजीच्या धास्तीने तोंडच उघडत नाहीत. त्यांना स्पष्ट सांगा की गोव्यातल्या माणसाशी पहिल्या भेटीत आपल्या भाषेत बोलणे काही कमीपणाचे नाही. मात्र ज्या क्षेत्रात जायचे त्यातले पंधरा-वीस इंग्रजी शब्द नीट यायला हवेत.

पहिला निरोप

मुलांचा स्वाभाविक पहिला निरोप असा असतो: "हाय सर, काही व्हेकन्सी आहे का? रेझ्युमे पाठवू?" खाली पीडीएफ जोडलेली. समोरच्याच्या हातात नोकरी देणे नसते, म्हणून तो अवघडतो आणि उत्तर देत नाही. मूल समजते की लोक मदत करत नाहीत.

त्याऐवजी असे लिहून घ्या:

"नमस्कार सर. मी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गाव मोर्ले. आमच्या वाड्यावरच्या सुरेशदादांनी तुमचा नंबर दिला, त्यांनी तुम्हाला कल्पना दिली आहे. तुम्ही क्यूसी लॅबमध्ये काम करता असे कळले. ते काम कसे असते आणि त्यासाठी मी या वर्षात काय शिकावे, हे तुमच्याकडून समजून घ्यायचे आहे. पुढच्या आठवड्यात तुमच्या सोयीने पंधरा मिनिटे फोनवर बोलता येईल का? रविवारी सकाळीही चालेल."

यात पाहण्यासारखे बरेच आहे. नंबर कुठून मिळाला हे सांगितले आहे. मधल्या माणसाने आधी विचारून ठेवले आहे, आणि ते झाल्याशिवाय निरोप पाठवायचाच नाही. किती वेळ हवा हे सांगितले आहे. नोकरीचे नावही नाही, रेझ्युमेही नाही. मागितलेली गोष्ट समोरचा नक्की देऊ शकेल अशी आहे. काकांच्या वयाच्या माणसाला व्हॉट्सअॅप, कार्यालयातल्या अधिकाऱ्याला ईमेल, असा साधा विवेक ठेवावा. उत्तर आले नाही तर आठ दिवसांनी एकदा आठवण करायची आणि मग सोडून द्यायचे.

निरोप कधी पाठवतो यालाही महत्त्व आहे आणि गोव्यात ते विशेष. हॉटेलवाल्यांना ऑक्टोबर ते मार्च श्वास घ्यायला वेळ नसतो. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, तोच व्यवस्थापक अर्धा तास निवांत बोलतो. सीए कार्यालयांना जुलै आणि सप्टेंबरमध्ये त्रास देऊ नये, रिटर्न आणि टॅक्स ऑडिटची घाई असते. बँकांना मार्चअखेर. चवथीच्या आठवड्यात कुणालाच कामाचे विचारू नये, पण पुण्या-बंगळुरूहून घरी आलेल्या शेजाऱ्याला गणपतीच्या दर्शनाला गेल्यावर "तुम्ही परत जायच्या आधी दहा मिनिटे बोलू का?" असे विचारायला यासारखी संधी वर्षात नाही.

पंधरा मिनिटांत काय विचारायचे

सगळा उपक्रम या भेटीवर उभा आहे, त्यामुळे सरावाला पूर्ण दोन तास ठेवा. आधी प्राध्यापकांनीच वर्गासमोर एखाद्या माजी विद्यार्थ्याशी असे संभाषण करून दाखवावे. मुले पाहून पटकन शिकतात.

उपयोगी ठरणारे प्रश्न असे: कालचा दिवस कामावर कसा गेला? (काम कसे असते, असे विचारले की मोघम उत्तर येते. कालचा दिवस विचारला की माणूस खरे सांगतो.) तुम्ही इथपर्यंत कसे आलात? नव्याने लागलेल्या मुलांना सुरुवातीला काय जमत नाही? माझ्याकडे एक वर्ष आहे, त्यात एकच गोष्ट शिकायची तर कोणती? इथे माणसे कशी घेतात, जाहिरात येते, एजन्सीमार्फत, की अप्रेंटिस म्हणून? आणि शेवटी, न चुकता: याबद्दल मी आणखी कुणाशी बोलावे असे तुम्हाला वाटते?

हा शेवटचा प्रश्न मुले लाजून गाळतात. तो गाळला तर साखळी तिथेच तुटते. बाहेरच्या वर्तुळातली माणसे याच प्रश्नाने आत येतात.

"तुम्हाला पगार किती?" हे विचारायचे नाही. "नवीन पदवीधराला साधारण किती मिळतात?" हे विचारायला हरकत नाही आणि ते विचारावेच, कारण घर सोडून वास्को किंवा मडगावला खोली घेऊन राहायचे तर हिशेब आधी मांडावा लागतो.

भेटीला छोटी वही न्यायची. ऐकताना मोबाइलवर टिपणे काढली तर समोरच्याला वाटते की मूल चॅट करते आहे. पंधरा मिनिटे झाली की आपणच सांगायचे, "सर, मी पंधरा मिनिटे म्हटले होते." समोरच्याला बोलायचे असेल तर तो "अजून थोडा वेळ बस" म्हणेल.

भेटीनंतर

बहुतेकांचे इथेच सुटते. भेट छान होते, मूल खूष होऊन येते आणि सहा महिने त्या माणसाला एक शब्द नाही. मग अचानक रेझ्युमे जातो. त्या माणसाला वाटते, कामापुरता आला होता.

तीन निरोप ठरवून द्या. पहिला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी: आभार, आणि सांगितलेल्यापैकी कोणती गोष्ट उपयोगी वाटली तिचा नेमका उल्लेख. दुसरा महिन्या-दीड महिन्याने: "तुम्ही एक्सेलमध्ये पिव्हट टेबल शिकायला सांगितले होते. शिकले, आणि कॉलेजच्या प्रकल्पात वापरले." माझ्या अनुभवात या दुसऱ्या निरोपाइतके कशानेच काम होत नाही. आपण दिलेला सल्ला कुणी खरोखर पाळला, हे मोठ्या माणसांना फार क्वचित ऐकायला मिळते. त्यानंतर जागा निघाली की तो स्वतःहून फोन करतो. तिसरा निरोप निकालाचा: पास झाले, इथे लागले, किंवा अजून शोधते आहे.

सल्ला पाळला नसेल तर खोटे लिहायचे नाही. "जमले नाही, अमुक कारणाने अडले" असे लिहिले तरी चालते, बहुधा त्यावर आणखी मदत मिळते.

लिंक्डइन

खाते काढून घ्या, पण त्यावर वर्ग घालवू नका. चेहरा दिसणारा साधा फोटो, काय शिकतो हे सांगणारी एक ओळ आणि केलेला एखादा प्रकल्प, एवढे पुरे. खरा उपयोग एका ठिकाणी आहे. आपल्या महाविद्यालयाच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. तिथे कोण कुठे राहतो, कुठल्या कंपनीत आहे, कुठल्या क्षेत्रात आहे, अशी चाळणी लावता येते. तो विभाग प्रोजेक्टरवर उघडून दाखवा. आपल्याच कॉलेजची माणसे कुठे कुठे पोचली आहेत हे पाहून मुलांचे डोळे मोठे होतात. विनंती पाठवताना सोबत दोन ओळींची चिठ्ठी हवी. मोफत खात्यात अशा चिठ्ठ्या मोजक्याच मिळतात, म्हणून विचार करून पाठवायच्या.

मुलांना कुठे न्यायचे

फोनवरच्या ओळखी एका मर्यादेपर्यंतच जातात. वर्षातून दोन-तीनदा मुलांना कॉलेजच्या बाहेर काढा. पणजीतली गोवा चेंबर ऑफ कॉमर्स १९०८ पासूनची संस्था आहे, तिथे उद्योजकांचे कार्यक्रम होतात. विज्ञानाच्या मुलांसाठी दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोतले ध्रुवीय संशोधन केंद्र आहे. असे काम करणारी संस्था आपल्या दारात आहे, हे अनेकांना पदवी मिळाल्यावर कळते. नोव्हेंबरातला इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो आणि डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो. अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणून काम केले की ओळखी कामातून होतात, आणि त्या प्रेक्षक म्हणून झालेल्या ओळखींपेक्षा पक्क्या असतात. वाणिज्याच्या मुलांसाठी जवळचे सीए कार्यालयच उत्तम. सीए करणाऱ्यांची आर्टिकलशिप, म्हणजे कार्यालयातले प्रत्यक्ष प्रशिक्षण, आता दोन वर्षांची आहे, पण ज्यांना सीए करायचे नाही त्यांनाही तिथे दोन महिने बसून खरी बिले आणि खरी खाती पाहता येतात.

कार्यक्रमाला जाताना प्रत्येकाला एकच काम द्या: एका अनोळखी माणसाशी बोलून एक प्रश्न विचारायचा आणि परत येताना बसमध्ये सगळ्यांना सांगायचा. पाच मुले घोळका करून चहाच्या टेबलापाशी उभी राहिली तर जाणे फुकट.

सुरक्षितता

हा भाग लेखी द्या, पालकांनाही द्या. भेट कॉलेजात, समोरच्याच्या कार्यालयात किंवा ग्रंथालयासारख्या सार्वजनिक जागी, दिवसाउजेडी. पहिल्या भेटीला सोबत वर्गमित्र किंवा मैत्रीण. कुठे जातो आहोत हे घरी आणि शिक्षकांना माहीत हवे. आधार कार्ड, मूळ गुणपत्रिका, बँक तपशील कुणालाही नाही. कुणी अवेळी निरोप पाठवू लागला किंवा बोलणे भलतीकडे नेले तर उत्तर न देता स्क्रीनशॉट घेऊन शिक्षकांकडे यायचे, आणि शिक्षकांनी पहिला प्रश्न "तू काय लिहिले होतेस?" असा विचारायचा नाही.

जहाजावर किंवा परदेशी जाऊ पाहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. जहाजाची नोकरी देणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरती आणि नेमणुकीचा) परवाना लागतो आणि नोकरी दिल्याबद्दल त्याला खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. परदेशातल्या इतर नोकऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटाची नोंद तपासता येते. गावातल्या तारवट्याला आधी विचारा. कुठली कंपनी पगार वेळेवर देते आणि कुठला एजंट फसवतो, हे त्याला ठाऊक असते.

गुण कशाला द्यायचे

नव्या शैक्षणिक धोरणाच्या पदवी आराखड्यात इंटर्नशिपला श्रेयांक आहेत. हा उपक्रम तिच्या आधीची तयारी म्हणून सहज बसतो. किती लोकांना जोडले याला गुण देऊ नका, मुले रात्रीत शंभर विनंत्या पाठवतील. वही तपासा: तीन संभाषणांची टिपणे आहेत का, प्रत्येकातून एक तरी गोष्ट प्रत्यक्ष केली का, दुसरा निरोप गेला का.

विभागाची नोंदवही

काही मुलांच्या नकाशात खरोखरच कुणी सापडत नाही. परराज्यातून आलेल्या मजुरांची मुले, पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुले. त्यांच्यासाठी आपल्या ओळखी आपण उसन्या द्यायच्या, तेवढे आपले कामच आहे. त्यासाठी प्रत्येक विभागात माजी विद्यार्थ्यांची एक नोंदवही असावी, साधी एक्सेल शीट चालेल: नाव, उत्तीर्ण वर्ष, सध्याचे काम, गाव, आणि सत्रात किती मुलांशी बोलायची तयारी आहे. माजी विद्यार्थ्यांकडे देणगी मागायला जातो तेव्हा ते टाळतात. "सत्रात दोन मुलांना वीस-वीस मिनिटे द्याल का?" असे विचारले तर नाही म्हणणारे थोडे. दोनच्या वर एकाकडेही पाठवायचे नाही, आणि त्यांची परवानगी घेतल्याशिवाय नंबर मुलांच्या हाती द्यायचा नाही. निरोप आधी विभागातून जाऊ द्यावा.

नोंदवही एका प्राध्यापकाच्या मोबाइलमध्ये राहू देऊ नका. बदली झाली, निवृत्ती आली की सगळे जाते. विभागाच्या ईमेल खात्यावर ठेवा, दर जूनमध्ये दोन विद्यार्थ्यांना बसवून नंबर आणि कामाच्या जागा ताज्या करून घ्या, आणि शेवटच्या वर्षाची मुले गुणपत्रिका न्यायला येतात त्या खिडकीजवळच त्यांची स्वतःची ओळ भरून घ्या.